अंड्यासाठी आणि केळ्यासाठी गावाने वर्गणी काढावी, हे मान्य नाही : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शालेय पोषण आहारातील अंडी, फळे आणि गोड पदार्थांसाठीचा निधी पूर्ववत करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. माझी मुलगी त्याच शाळेत चौथीत शिकते. आमचे घर माळकरी आहे. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी घरात अनेक वर्षांपासून आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात अंडे कधी शिजलेले नाही. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, 28 जानेवारी 2025 च्या शासन निर्णयाने पोषण आहारातील अंड्यांसाठी राज्याकडून मिळणारा पैसा बंद झाला, तेव्हा शाकाहारी घरांच्या भावनेचा मान राखला गेला, असे आमच्या भागात अनेकांनी बोलून दाखवले. आमच्यासारख्यांचे नाव पुढे करून या निर्णयाचे समर्थन होऊ नये, एवढ्यासाठीच मी हे पत्र टपालाने न पाठवता जाहीरपणे लिहीत आहे.

आधी घडले ते क्रमाने मांडते. 7 नोव्हेंबर 2023 च्या शासन निर्णयाने आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, पोषण आहार घेणाऱ्या प्रत्येक मुलाला एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे किंवा स्थानिक फळ देण्याचे ठरले. त्यासाठी प्रत्येक मुलामागे 5 रुपये धरण्यात आले. त्यावर काही धार्मिक संघटनांनी आणि पालकांनी हरकत घेतली, वाद पेटला आणि 2024 च्या सुरुवातीस, ज्या शाळेतील 40 टक्क्यांहून अधिक पालकांचा विरोध असेल तेथे अंडी देऊ नयेत, अशी मुभा आली. त्याच वर्षी 11 जूनला नवा, अधिक चांगला पाककृतींचा तक्ता जाहीर झाला. त्यात पंधरा पदार्थ होते : मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, मटकीची उसळ, मूग-शेवग्याचे वरण आणि भात, अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व. तो तक्ता आमच्या समितीच्या बैठकीत वाचून दाखवला गेला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण वर्षानुवर्षे तीच पातळ खिचडी पाहणाऱ्या मुलांसाठी कोणीतरी बसून विचार केला आहे, हे त्यातून दिसत होते. शैक्षणिक वर्ष संपण्याआधीच जानेवारीचा निर्णय आला. अंडा पुलाव, खीर आणि नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्यांसाठी आणि साखरेसाठी शासन वेगळा निधी देणार नाही आणि शाळा व्यवस्थापन समितीला हे पदार्थ द्यावयाचे असल्यास तिने लोकसहभागातून व्यवस्था करावी, असे सांगण्यात आले.

या निर्णयाने आमच्या शाळेत नेमके काय बदलले, ते पाहण्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज नाही. पूर्वी बुधवारी स्वयंपाक करणाऱ्या ताई खिचडीच्या आधी मोठ्या पातेल्यात अंडी उकडून घेत. पहिली-दुसरीच्या मुलांना टरफल नीट काढता येत नाही, टरफलाबरोबर अर्धे अंडे निघून जाते, म्हणून त्या बादलीभर गार पाण्यात हात घालून एकेक अंडे सोलून, वर चिमूटभर मीठ टाकून मुलांच्या ताटात ठेवत. बाजूला पाटीत केळी असत. माझ्या मुलीच्या ताटात केळे आणि तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसणाऱ्या मैत्रिणीच्या ताटात अंडे, अशी एकच पंगत बसे. कोणी कोणाला वेगळे बसवले नाही, कोणाची माळ बाटली नाही आणि आमच्या गावातील एकाही माळकऱ्याने त्याविरुद्ध शाळेत येऊन तक्रार केली नाही. आता बुधवारी मैत्रिणीचे अंडे नाही आणि माझ्या मुलीचे केळेही नाही, कारण दोन्ही एकाच पैशातून येत होते. शाकाहारी मुलांच्या बाजूने झालेला म्हणून जो निर्णय सांगितला जातो, त्याने शाकाहारी मुलाच्या ताटातील फळही काढून घेतले आहे. हे शासनाच्या लक्षात आलेले नसेल, तर ते यावे, अशी माझी विनंती आहे.

आता माझे आक्षेप मांडते.

पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप कायद्याचा आहे. शाळेतील जेवण ही योजना राहिली नसून तो मुलांचा हक्क झाला आहे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर आदेश देऊन शिजवलेले अन्न बंधनकारक केले. त्यापूर्वी आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत असत, हे माझ्या वयाच्या पालकांना आठवत असेल. पुढे 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 5 ने आठवीपर्यंतच्या मुलांना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत, सुट्ट्या वगळून दररोज, विनामूल्य आणि ठरवून दिलेल्या पोषणमानकांप्रमाणे दुपारचे जेवण मिळेल, अशी हमी दिली. जानेवारी 2023 मध्ये या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील मानके सुधारताना केंद्र शासनानेच नुसत्या उष्मांकांच्या मोजणीऐवजी दर्जेदार प्रथिने, सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि आहारातील विविधता यांवर भर दिला. ज्या अन्नाची हमी कायदा विनामूल्य म्हणून देतो, त्या अन्नाचा सर्वांत पौष्टिक भाग गावाच्या वर्गणीवर सोपवणे हे त्या कायद्याच्या भावनेशी विसंगत आहे. वर्गणी देणाऱ्याचे मन बदलू शकते, हंगाम बुडू शकतो, गावात दोन गट पडू शकतात. मुलाचे जेवण यांपैकी कशावरही अवलंबून असता कामा नये.

दुसरा आक्षेप ज्यांच्यावर ही जबाबदारी टाकली त्यांच्याबद्दल आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. म्हणजे आमच्या शाळेत ही समिती कोणाची आहे? शेतमजूर बायकांची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची, दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर ज्वारी पिकवणाऱ्यांची. दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप कारखान्यावर जातात, ती मुले आजीजवळ राहतात आणि सकाळी चहात बटर बुडवून खाऊन शाळेत येतात. त्याच आजीकडे अंड्याची वर्गणी मागायला मी कोणत्या तोंडाने जावे? शाळेचे पत्रे, पंखे, रंग, टीव्ही संच, स्वच्छतागृहाची टाकी, या सर्वांसाठी गाव आधीच जमेल तसे देत आले आहे. शिक्षकही खिशातून घालतात, हे मी पाहिले आहे. आमच्या शाळेत 60 मुले आहेत. शासनाच्याच 5 रुपये दराने एका बुधवारचे 300 आणि महिन्याचे साधारण 1,200 रुपये होतात. गावातल्या दुकानात अंडे त्या दराने मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात अधिक लागतात. ही रक्कम मंत्रालयातून पाहिली तर अगदी किरकोळ वाटेल. आमच्याकडे ती दर महिन्याला, न चुकता, शाळा चालू असेपर्यंत उभी करणे शक्य नाही आणि शक्य नाही हे कबूल करताना समितीतील बायकांच्या माना खाली जातात, याचे मला अधिक वाईट वाटते.

याच मुद्द्याला लागून एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत अन्यायाची वाटते. ज्या गावात साखर कारखाना आहे, एमआयडीसी आहे, मुंबई-पुण्यात स्थिरावलेले दानशूर आहेत, तेथे कदाचित अंडी चालू राहतील. वस्तीवरच्या, पाड्यावरच्या, तांड्यावरच्या शाळेत ती बंदच होतील. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त तिथे सर्वांत कमी, अशी वाटणी एका शासन निर्णयाने राज्यभर आपोआप होऊन जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आणि 36.1 टक्के मुलांचे वजन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या फेरीतील 53.8 टक्क्यांवरून 68.9 टक्क्यांवर गेले. त्या वेळी अंगणवाडीच्या वयात असलेली ती मुले आज पहिली ते चौथीच्या वर्गांत आमच्यासमोर बसली आहेत. त्यांचे वाढीचे वय अजून सरलेले नाही, पण ते आमच्या वर्गणीसाठी थांबणारही नाही.

तिसरा आक्षेप पोषणाच्या हिशेबाचा आहे. प्राथमिक वर्गांसाठी 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने हे योजनेचे प्रमाण आहे. प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ दिली, तर तांदळातून सुमारे 7 आणि डाळीतून साडेचार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कागदावर बेरीज 12 च्या जवळ येते. तरीही त्या ताटात ब 12 जीवनसत्त्व नाही आणि अ जीवनसत्त्व नावापुरतेच आहे. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने आणि ही दोन्ही जीवनसत्त्वे असतात. शिवाय अंड्यात भेसळ करता येत नाही, ते पातळ करता येत नाही आणि साठ मुलांत चाळीस अंडी वाटली तर लगेच दिसते. खिचडीतली डाळ कमी झाली तर ते इतक्या सहज दिसत नाही. समितीत देखरेखीचे काम करणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

याच हिशेबातून मला शाकाहारी पालक म्हणूनही एक तक्रार करावयाची आहे. केळे हा अंड्याचा पर्याय म्हणून दिला गेला, परंतु एका केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात. शाकाहारी मुलांची शासनाला खरोखर काळजी असेल, तर त्यांना त्याच दिवशी दूध आणि त्याबरोबर शेंगदाणा-गुळाची चिक्की किंवा फुटाणे मिळावयास हवेत. माझ्या मुलीला अंडे नको, हा आमच्या घराचा निर्णय आहे. तिला प्रथिने नकोत, असा निर्णय आम्ही घेतलेला नाही.

चौथा आक्षेप निवडीचा आहे आणि तो मी धार्मिक भावनेच्या नावाने विरोध करणाऱ्या बंधुभगिनींनाही उद्देशून लिहीत आहे. त्यांची श्रद्धा माझीही आहे. पण माळ मी घातली, शेजारच्या घराने घातलेली नाही. गावात ज्या घरांत कोंबड्या पाळल्या जातात, बाजाराच्या दिवशी मटण शिजते, त्या घरांतल्या मुलांच्या ताटात काय असावे, हे मी ठरवावे, असे मला कोणत्याही कीर्तनातून शिकवले गेलेले नाही. 2023 च्या निर्णयात ज्याला हवे त्याला अंडे आणि नको त्याला फळ, अशी सोय होती. ती सोय कोणाच्याही श्रद्धेला धक्का लावणारी नव्हती. 40 टक्क्यांच्या अटीने मात्र तीत एक वाईट पायंडा पडला : उरलेल्या 60 टक्के मुलांना हवे असलेले अन्न इतरांच्या हरकतीमुळे नाकारता येते. त्यापुढचे पाऊल म्हणून निधीच काढून घेतला गेला आणि आता निवड करण्यासारखे ताटात काही उरलेले नाही.

नाचणी सत्त्वाबद्दल थोडक्यात लिहिते. 2023 हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आपण साजरे केले. शाळाशाळांतून नाचणी, ज्वारी, बाजरीची माहिती देणारे कार्यक्रम झाले. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, हे मुलांनी पाठ केले. तेच नाचणी सत्त्व मुलांना आवडेल असे करावयाचे, तर साखर किंवा गूळ लागतो आणि त्यासाठी आता पैसा नाही. साखरेच्या राज्यात, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वाटीत चमचाभर साखर घालण्यास शासनाने असमर्थता दाखवावी, हे मला पटत नाही.

पैसा नाही, हे कारण मी विचारात घेतले आहे. अंड्यांसाठीची वार्षिक तरतूद सुमारे 50 कोटी रुपयांची होती. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 7 लाख कोटी रुपयांचा आहे. म्हणजे खर्चाच्या दर 14,000 रुपयांमागे 1 रुपया. इतर कोणती योजना चालू ठेवावी आणि कोणती बंद करावी, हे मी सांगणार नाही. पण काटकसर करावयाची वेळ आली तेव्हा पहिली कात्री सहा वर्षांच्या मुलाच्या ताटाला लागली, ही नोंद जाहीरपणे व्हावी, असे मला वाटते. मूळ आहाराचा दरही असा नाही की त्यातून अंडे बसवता येईल : 1 मे 2025 पासून तो दर मुलामागे दररोज प्राथमिकसाठी 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी 10 रुपये 17 पैसे आहे आणि त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन असे सर्व येते.

शिवाय हे न जमणारे काम आहे, असेही नाही. आमच्याच शासनाने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील अंगणवाडीच्या मुलांना गेली अनेक वर्षे अंडी किंवा केळी दिली आहेत. म्हणजे अंड्याचे महत्त्व शासनाला पटवून देण्याची गरज नाही. सहा वर्षांपर्यंत जे आवश्यक ते सातव्या वर्षी ऐच्छिक कसे होते, एवढाच प्रश्न आहे. तमिळनाडूत शाळेच्या दिवशी मुलांना रोज अंडे मिळते. आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की विजयपूर आणि कलबुर्गी हे कर्नाटकातील जिल्हे लागतात. तेथे 2021 च्या अखेरीस अंडी सुरू झाली तेव्हा मठाधीशांनी तीव्र विरोध केला होता. त्या राज्याने माघार न घेता अंडे, केळे किंवा चिक्की असा पर्याय ठेवला, योजना पुढे सर्व जिल्ह्यांत नेली आणि 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनशी राज्याच्या पातळीवर करार करून आठवड्यातील सहाही दिवस अंडी देण्याची व्यवस्था केली. बाहेरचा पैसा आणावयाचाच होता, तर तो असा, शासनाने शासनाच्या जबाबदारीवर आणता आला असता. माझ्या नणंदेची मुले तिकडच्या शाळेत शिकतात. सुट्टीत एकत्र आल्यावर मुले एकमेकांना आपापल्या शाळेतल्या जेवणाबद्दल सांगतात, तेव्हा आपल्या राज्याबद्दल काय बोलावे, ते मला सुचत नाही.

माझ्या, आणि माझ्याशी सहमत असलेल्या पालकांच्या, मागण्या अशा आहेत :

1. 28 जानेवारी 2025 च्या शासन निर्णयातील लोकसहभागाची अट मागे घ्यावी आणि अंडी, फळे व साखर यांसाठीची तरतूद येत्या पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांद्वारे पुन्हा करावी. आठवड्यातून एकदा ही सुरुवात मानून ती निदान दोनदा करण्याचे वेळापत्रक जाहीर करावे.

2. अंडे खावे की नाही, हे प्रत्येक मुलाच्या पालकांनी वर्षाच्या आरंभी लेखी कळवावे आणि त्याप्रमाणे त्या मुलाला मिळावे. संपूर्ण शाळेला लागू होणारी 40 टक्क्यांची अट रद्द करावी. मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून जेवण येणाऱ्या शाळांत, पुरवठादार संस्था अंडी शिजवत नसेल, तर ती शाळेत उकडून देण्याची वेगळी सोय असावी.

3. शाकाहारी मुलांना फळाबरोबर दूध, चिक्की किंवा फुटाणे असा प्रथिनांच्या दृष्टीने तोडीचा पर्याय मिळावा.

4. अंड्याचा दर वर्षभर 5 रुपयांवर गोठवून न ठेवता बाजारभावाप्रमाणे ठरावीक मुदतीने सुधारावा आणि रक्कम शाळेच्या खात्यावर आगाऊ जमा व्हावी, म्हणजे मुख्याध्यापकांना दुकानदाराची उधारी करावी लागणार नाही.

5. महिना 2,500 रुपये मानधनावर साठ मुलांचे जेवण रांधणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि एकेक अंडे सोलून देणाऱ्या स्वयंपाकी व मदतनीस महिलांचे मानधन वाढवावे. नवे पदार्थ वाढवताना त्यांच्या कष्टांचा विचार आजवर कोणत्याही निर्णयात झालेला मला दिसलेला नाही.

6. जानेवारीनंतर राज्यातील किती शाळांनी लोकसहभागातून अंडी चालू ठेवली आणि किती शाळांत ती बंद झाली, याची तालुकानिहाय माहिती शासनाने प्रसिद्ध करावी. हा निर्णय योग्य होता, असे शासनाचे मत असेल, तर ही माहिती उघड करण्यास अडचण नसावी.

शाळा व्यवस्थापन समितीकडे आपण देखरेखीचे काम द्या; धान्य मोजण्याचे, चव पाहण्याचे, नोंदवहीवर सही करण्याचे काम आम्ही करीत आहोत आणि यापुढेही करू. वर्गणी गोळा करण्याचे काम आम्ही घेणार नाही, असा ठराव मी आमच्या समितीच्या पुढील बैठकीत मांडणार आहे आणि इतर शाळांतील पालक सदस्यांनीही तो आपापल्या समितीत मांडावा, असे आवाहन या पत्राद्वारे करीत आहे. मंजूर झालेल्या ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत आपल्याकडे पाठवली जाईल. तिला लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
जिल्हा सोलापूर
जून 2025